‘ओम्बड्समन’, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारा अधिकारी, या शब्दाची फोड कशी करायची? त्यातला ‘मन’ म्हणजे इंग्रजी ‘मॅन’च का?

नाही. शब्द अथपासून इतिपर्यंत स्वीडिश आहे. फोड अशी: ओम्बूड + स + मान (माणूस). ‘बड’ हा उच्चार आपण इंग्रजी स्पेलिंगवरून उचलला; स्वीडिशमध्ये तिथला स्वर दीर्घ आहे, ‘बूड’च्या जवळचा.

‘ओम्बूड’चेही दोन तुकडे पडतात. ‘ओम’ म्हणजे भोवती किंवा विषयी (ॐशी याचा काही संबंध नाही) आणि ‘बूड’ म्हणजे निरोप, आज्ञा. एकत्र अर्थ होतो दुसऱ्याने सोपवलेला अधिकार आणि तो वापरणारी व्यक्ती. मराठीत याला नेमका शब्द आहे, मुखत्यार. स्वीडनच्या न्यायालयात पक्षकाराच्या वतीने बोलणाऱ्याला आजही ‘ओम्बूड’च म्हणतात.

मधला ‘स’ षष्ठीचा. वाचस्पतीत ‘वाचः’चा विसर्ग ‘स’ होऊन टिकतो, तसाच हा समासात टिकला आहे. म्हणून ‘ओम्बड्स + मन’ ही फोड चूक. इंग्रजीत ‘मॅन’ टाळण्यासाठी नुसतं ‘ओम्बड्स’ लिहितात, त्यात हा षष्ठीचा प्रत्यय लोंबकळत राहतो. स्वीडनमध्ये स्त्रियाही हे पद ‘ओम्बूड्समान’ याच नावाने भूषवतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. यातल्या तिन्ही शब्दांचे भाऊबंद संस्कृतात आहेत. ‘ओम’चा ‘अभितः’, ‘मान’चा ‘मनु’ आणि ‘बूड’चा ‘बुध्’, म्हणजे बोध आणि बुद्ध यांचा धातू. मूळ धातूत दोन महाप्राण (‘ह’ मिसळलेली व्यंजनं) होते, भ आणि ध. संस्कृतने लागोपाठचे दोन महाप्राण टाळून पहिल्याचा ‘ब’ केला, पण ‘भोत्स्यते’ या भविष्यकाळी रूपात पुढचा ध जाताच जुना ‘भ’ परत येतो. जर्मानिक भाषांत (स्वीडिश, इंग्रजी, जर्मन यांच्या कुळात) भ, धचे सरसकट ब, द झाले. अर्थही सरकला: जागं असणं, मग जाणीव करून देणं, मग कळवणं आणि आज्ञा देणं. हे शब्द एकमेकांपासून उसने घेतलेले नाहीत, एकाच मुळाचे फाटे आहेत.

पदाचा अर्थ समजायला मुखत्यार कोणाचा, हे पाहावं लागतं. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याने 1713 मध्ये नेमलेला ‘सर्वोच्च ओम्बूड्समान’ राजाचा मुखत्यार होता. स्वीडनच्या 1809 च्या राज्यघटनेने संसदेला स्वतःचा मुखत्यार दिला, राजाच्या अधिकाऱ्यांवर नजर ठेवायला. जगभर पसरला तो हा दुसरा.

भारतात ओम्बड्समनसाठी 1963 मध्ये लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी ‘लोकपाल’ हा शब्द घडवला. तो सुंदर आहे, पण त्याचा अर्थ लोकांचा रक्षक. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यातला ‘लोक आयुक्त’ व्युत्पत्तीच्या दृष्टीने जास्त जवळचा, कारण आयुक्त म्हणजे नेमलेला, काम सोपवलेला.