जुन्या डीबीएफ फायलींतील मराठी नोंदी

प्रश्न : आमच्या वाचनालयाची १९९०च्या दशकातील ग्रंथनोंद फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत आहे. त्या ‘डीबीएफ’ फायली आज एक्सेलमध्ये उघडतात, दाखल क्रमांक आणि किमतीही नीट दिसतात. परंतु मराठी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे येतात. फायली खराब झाल्या आहेत का?

उत्तर : आकडे नीट येतात, त्या अर्थी फायली शाबूत असाव्यात, अडचण अक्षरांच्या संकेतांची आहे. त्या काळी मराठी मजकूर एक तर सी-डॅक या सरकारी संस्थेच्या, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाच्या साहाय्याने भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ संकेतात साठवला जाई, नाहीतर इंग्रजी चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेल्या एखाद्या फाँटच्या मांडणीत.

आधी मूळ फायलींची प्रत काढावी. सोबत त्याच नावाची ‘एफपीटी’ फाइल असल्यास तीही घ्यावी, कारण शेऱ्यांसारखा लांब मजकूर तीत असतो. मग प्रत एक्सेलसारख्याच लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडावी. उघडताना कॅल्क अक्षरसंच विचारते. तेथे युनिकोड (आज सर्वत्र वापरला जाणारा संकेत) न निवडता विंडोज-१२५२ हा पश्चिम युरोपीय भाषांचा संच निवडावा. पहिल्या ओळीत ‘लेखक,सी,४०’ अशा धर्तीची शीर्षके दिसतील. म्हणजे रकान्याचे नाव, मजकुराचा प्रकार आणि रुंदी.

आता नावांच्या रकान्याला त्या वेळचा फाँट लावून पाहावा. नावे वाचता आली, तर त्याच फाँटसाठीचे युनिकोड रूपांतरक वापरावे. कोणत्याच फाँटने उलगडा झाला नाही, तर मजकूर बहुधा इस्कीतला आहे. मग त्याच अक्षरसंचात सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल जतन करून तिचे इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर करावे.

फाँटमधून रूपांतर केलेली नावे मात्र डोळ्यांखालून घालावीच लागतात. ‘किरण’मधली पहिली वेलांटी अशा मांडणीत सहसा ‘क’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, ‘सूर्य’मधल्या रफाराचे नेमके उलट असते, आणि सुमार रूपांतरके येथेच घसरतात.

नोंदींची संख्या जुळत नसेल, तर एक गोष्ट लक्षात घ्यावी : फॉक्सप्रोमध्ये खोडलेल्या नोंदीवर केवळ खूण होते, ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत ती फाइलमध्येच राहते. रद्द केलेल्या पुस्तकांच्या अशा नोंदी पाहायच्या असल्यास लिब्रेऑफिसच्याच ‘बेस’ या डेटाबेस प्रोग्राममध्ये खोडलेल्या नोंदीही दाखवण्याचा पर्याय आहे.