कोलकात्यात कडे कुठे शोधू?

प्रश्न : मी पुण्याचा, दर वीकेंडला लोणावळ्याजवळच्या ड्यूक्स नोज कड्यावर नाहीतर कुठल्यातरी सुळक्यावर असायचो. बदली कोलकात्याला झाली, इथे फ्लायओव्हर सोडला तर चढायला काही नाही आणि बीले द्यायला (म्हणजे चढताना माझा दोर सांभाळायला) ओळखीचं कोणी नाही. काय करू?

उत्तर : अहो, गाव सपाट असलं तरी गिर्यारोहणाचं वेड तिथे आपल्यापेक्षा काकणभर जास्तच आहे! कोलकाता आणि आसपासच्या गावांत माउंटेनिअरिंग क्लब भरपूर, आणि बरेचसे थंडीत रॉक क्लायंबिंगचे कोर्स घेतात, बांकुड्यातल्या सुसुनिया डोंगरावर नाहीतर पुरुलियात जयचंडी पहाडावर. तुम्हाला सगळं येत असलं तरी एक कोर्स कराच, पार्टनर तिथेच मिळतात, आणि कोण दोर कसा हाताळतो हे चार दिवसांत आपोआप कळतं. नुसत्या चॅटवर ओळख झालेल्या माणसाच्या भरवशावर लीड करू नका (म्हणजे दोर स्वतः वर नेत पुढे चढू नका), आधी टॉपरोपवर, म्हणजे दोर वरूनच लावलेला असताना, त्याचं बीले बघा.

जयचंडीला जायचं तर हावड्याहून रात्रीची चक्रधरपूर गाडी पकडून पहाटे आद्र्याला उतरायचं, तिथून पहाड जवळच आहे. सुसुनियासाठी छातना स्टेशन. (तिथला चौथ्या शतकातला चंद्रवर्मा राजाचा शिलालेखही बघून या, वाकडी वाट होईल पण चालेल.) दगड आपल्या बेसाल्टसारखा नाही, त्यामुळे सुरुवातीला ग्रेडचा (किती अवघड चढाई जमते याचा) माज नको. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उन्हाळ्यात तिकडचा खडक हात लावू देत नाही. तेवढे महिने घरात हँगबोर्ड (बोटांनी लटकून सराव करायची फळी) लावा, फक्त भाड्याचं घर असेल तर भोकं पाडण्याआधी मालकाला विचारा बुवा.