विषयसूत्र धरून इंग्रजी शिकवताना

प्रश्न : अकरावीला इंग्रजीचे पाठ एका सूत्रात बांधून शिकवते, पण सगळ्यांचे निबंध सारखेच येतात. काय चुकतं?

उत्तर : बहुधा सूत्र एका शब्दाचं आहे. ‘निवड’ म्हटलं की मुलं सुविचार लिहितात. त्याचा प्रश्न करा : माणूस आपल्या निवडीची गोष्ट नंतर बदलून का सांगतो? मग अमेरिकी कवी रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’ ही कविता घ्या; तिच्यात निवेदकाला दोन वाटांतून एक निवडायची असते. दोन्ही वाटा जवळपास सारख्याच झिजलेल्या, असं कवितेतच आहे. शेवटी मात्र निवेदक ‘कमी मळलेली वाट धरली’ असं पुढे सांगणार असतो. ही विसंगती मुलांनाच सापडू द्या, कृपया आधी सांगू नका. जोडीला एक कथा पुरे. मग 150 शब्दांचा निबंध : एक मत, दोन्ही पाठांतून एकेक ओळ, प्रत्येक ओळीखाली स्वतःचं स्पष्टीकरण. हे स्पष्टीकरणच बहुतेकदा गळतं.