चार वर्षांची अकादमी, दोन वर्षांचे पैसे

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. मुलगा १३ वर्षांचा, नोव्हेंबरचा जन्म, सातवी संपत आली आहे. तालमीच्या फुटबॉल संघात, लहान गटात, विंगला (मैदानाच्या कडेने) खेळतो. इथे झालेल्या ट्रायलमधून (प्रवेश शुल्क १,५०० रुपये) परराज्यातल्या निवासी फुटबॉल अकादमीत त्याची निवड झाली. दोन दिवसांत पत्र आलं. फी वर्षाला ५,४०,००० अधिक जीएसटी. जागा पक्की करायला सात दिवसांत ७५,००० भरायचे, ते परत मिळणार नाहीत. आम्हा नवरा-बायकोचा मिळून हातात येणारा पगार ९२,०००. घरखर्च ४६,०००, दोन्ही मुलांच्या शाळा ९,०००, गृहकर्जाचा हप्ता १४,२००, एसआयपी ८,०००. एफडी ६ लाख, म्युच्युअल फंड ५.६ लाख, पीपीएफ ९.४ लाख (२०१४-१५ मध्ये उघडलेलं), ८ तोळे सोनं. मुलगी आत्ता दहावीला बसली आहे. पहिल्या वर्षी एफडी मोडावी, पुढे सोनं तारण ठेवावं असा विचार आहे. अकादमी हप्त्यांचीही सोय करून देते. काय करावं?

उत्तर:

आधी ७५,००० भरू नका. बाकीचं सविस्तर सांगतो, पण सात दिवसांची घाई असल्यामुळे हे पहिल्यांदा.

तुम्ही पहिल्या वर्षाचा हिशोब मांडलाय. अकादमी मात्र चार वर्षांची आहे, तेरा ते सतरा. मध्येच सोडली तर भरलेल्या पैशाचा उपयोग फार थोडा, म्हणून चारही वर्षं धरू. पूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी लागला तर पहिल्या वर्षाची फी ६,३७,२०० होते. दरवर्षी १० टक्के वाढ धरा: ७.०१ लाख, ७.७१ लाख, ८.४८ लाख. झाले २९.६ लाख. पत्रकात नसलेले खर्च वेगळे. स्पर्धांचा प्रवास, वर्षाला बुटांचे दोन-तीन जोड (गवतावरचे आणि टर्फचे वेगळे लागतात, आणि या वयात पाय सहा महिन्यांत नंबर बदलतो), फिजिओ, सुट्टीतलं जाणं-येणं, तुमच्या भेटी. लाखाच्या खाली हे बसत नाही, मी वर्षाला १.२ लाख धरतो. घरचं जेवण आणि इथली शाळा वाचेल ते वर्षाला ६०,००० वजा केले, तरी चार वर्षांचे ३२ लाख होतात.

आता तुमची बाजू. ९२,००० मधून सगळं जाऊन महिन्याला १४,८०० उरतात, म्हणजे वर्षाला १.७८ लाख. पगारवाढ होईल, पण घरखर्चही वाढेल, म्हणून आकडा तसाच ठेवतो. पहिल्या वर्षी ५.१९ लाख कमी पडतात, ते एफडीतून जातील. दुसऱ्या वर्षी ५.८३ लाख कमी पडतात. एफडीचं उरलेलं आणि जवळजवळ सगळे फंड त्यात संपतील. तिसऱ्या वर्षी साडेसहा लाख हवेत आणि हातात असतील, एसआयपीत नव्याने जाणारे सोडले तर, साठ हजारांच्या आसपास. पीपीएफ तुम्ही ९.४ लाख मोजलंय, पण ते १ एप्रिल २०३० ला पूर्ण होतं. तोवर वर्षातून एकदाच काढता येतं, तेही चार वर्षांपूर्वीची किंवा मागच्या वर्षअखेरची शिल्लक, यांतली जी कमी असेल तिच्या निम्मं. म्हणजे चार लाखांच्या आसपास. उरलेलं सोन्यातून, आणि चौथं वर्षही बरंचसं सोन्यातून.

तिसरं वर्ष म्हणजे मुलीची बारावी होऊन कॉलेज सुरू होण्याचं वर्ष. तुमच्या पत्रात तिच्यावर एकच ओळ आहे. तिची इंजिनिअरिंगची वा फार्मसीची फी पहिल्यांदा भरायची त्या जूनमध्ये घरात ना एफडी असेल ना फंड. मुलाचंही त्याच वर्षी अडेल. पंधरा-सोळा हे वय त्याचं खरं काय ते ठरण्याचं, आणि नेमकं तेव्हा त्याला पैशापायी परत आणावं लागलं, तर दोन्ही मुलांचं नुकसान.

शिवाय सहा लाखांची एफडी मुळात मोकळी नाही. तुमचा महिन्याचा बांधील खर्च ७७,०००. सहा महिन्यांची तजवीज म्हणजे ४.६ लाख. खरोखर मोकळे आहेत ते १.४ लाख.

हप्त्यांची सोय म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं वैयक्तिक कर्ज. पूर्ण फी कंपनी अकादमीला आधीच देऊन टाकते आणि बारा महिन्यांत तुम्ही फेडता, इथे महिन्याला ५३,१००. पोरगा ऑगस्टमध्ये घरच्या आठवणीने परत आला, किंवा गुडघा दुखावला, तरी हप्ते चालूच. परतावा मागायचा तो अकादमीकडे, आणि चुकलेला हप्ता दिसायचा तुमच्या सिबिलमध्ये. आयकराच्या वजावटीत ही फी बसेल असं कुणी सांगितलं असेल तर तेही तपासा: वजावट फक्त शाळा-कॉलेजच्या पूर्णवेळ शिक्षणाच्या ट्यूशन फीला आहे, तीही जुन्या करप्रणालीत. फुटबॉलच्या प्रशिक्षणाला नाही.

आता निवडीबद्दल. अकादम्या दोन प्रकारच्या असतात आणि फरक पैसे कोण भरतं यात आहे. टाटा फुटबॉल अकादमी (जमशेदपूर, १९८७ पासून), नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स (२०१५ पासून), गोव्यातली सेसा अकादमी (१९९९ पासून) इथे निवडलेल्या मुलाचा खर्च संस्था करते. म्हणून त्या कमी मुलं घेतात आणि पारखून घेतात: एका ट्रायलवर भागत नाही, पुन्हा बोलावतात, सामने खेळवतात, काही दिवस ठेवून घेऊन बघतात. चुकीचा मुलगा घेतला तर पैसे त्यांचे जातात. फीवर चालणाऱ्या अकादमीत पैसे तुमचे जातात. तिथेही चांगले कोच असतात, चांगली मैदानं असतात, पण पलंग भरणं ही तिची गरज आहे.

अकादमीला पुढे खेळाडू विकून पैसे मिळतात, हा समजही काढून टाका. फिफाच्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले ५ टक्के खेळाडूला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. त्यात १२ ते १५ या वयातल्या एकेका हंगामाला पाव टक्का, त्यापुढच्या हंगामाला अर्धा टक्का. समजा पुढे तुमच्या मुलाची एक कोटीला परदेशात बदली झाली (बघा, किती लांबचं बोलतोय आपण), तर तिथल्या चार हंगामांचे मिळून अकादमीला सव्वा ते दीड लाख. तुमची एका महिन्याची फी आणि जीएसटी मिळून ५३,००० होतात. तिचं उत्पन्न कुठून येतं ते यातून दिसतं. पालकाला या वाट्यातलं काही मिळत नाही.

तुमचा मुलगा नोव्हेंबरचा आहे, हे महत्त्वाचं. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्याच गटात दहा महिन्यांनी मोठा. तेराव्या-चौदाव्या वर्षी दहा महिन्यांत उंची, पायातली ताकद, वेग सगळं बदलतं. घाईच्या ट्रायलमध्ये दांडगी मुलं उठून दिसतात आणि उशिरा वाढणारी मागे पडतात. हा दोष जगभरच्या अकादम्यांत आहे. अशात नोव्हेंबरचा, विंगवर खेळणारा मुलगा खरोखर पारखून घेतला असेल तर त्याच्याकडे चेंडूवर काहीतरी आहे, असं म्हणायला जागा आहे. पण सगळ्यांनाच पत्र गेलं असेल तर त्याच निवडीचा अर्थ शून्य. दोन्हींतलं काय, ते विचारून कळतं.

म्हणून अकादमीला ईमेल करा. ट्रायलला किती मुलं होती, किती जणांना पत्र गेलं? मुलगा कुठल्या जागेवर खेळताना पाहिला, कुणी पाहिला, त्याच्या खेळातल्या दोन उणिवा कोणत्या? पारखणाऱ्याला हे लगेच लिहिता येतं. 'उत्तम क्षमता' एवढंच आलं तर समजून घ्या. १४ वर्षांखालच्या गटाला रोज मैदानावर कोण शिकवणार, त्याचं नाव आणि प्रशिक्षकाचा परवाना (चढत्या क्रमाने डी, मग एएफसी म्हणजे आशियाई महासंघाचे सी, बी, ए) मागा. माहितीपत्रकावर ज्या परदेशी माणसाचा फोटो असतो तो बऱ्याचदा सतरा वर्षांखालच्यांकडेही फिरकत नाही. अकादमी एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघ) तारांकित यादीत आहे का, तिचा संघ सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर लीग खेळतो का, आणि मागच्या हंगामात या गटातल्या मुलांना प्रत्येकी किती सामने मिळाले? या वयात आठवड्याला चार-पाच सराव आणि एक खरा सामना हवा. साठ मुलं आणि एकच संघ असेल तर पंचेचाळीस जण वर्षभर आपसातच खेळतात. मधेच किती मुलं सोडून गेली तेही विचारा, आणि सोडून गेलेल्या दोघांच्या पालकांशी बोला.

पत्रासोबतच्या करारातलं एक कलम तुम्ही उतरवून पाठवलंय: मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत 'सर्व हक्क' अकादमीकडे, आधी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च पालकांनी भरायचा. अल्पवयीन मुलाने केलेला करार भारतीय कायद्यात शून्यवत असतो, पण खर्च भरण्याची हमी तुम्ही सही करून दिली तर ती तुमची आहे. फिफाच्या नियमात १८ खालच्या खेळाडूला तीन वर्षांहून लांबचा व्यावसायिक करारही चालत नाही. रोजची अडचण मात्र वेगळीच असते. मुलाची नोंदणी एआयएफएफच्या सीआरएस प्रणालीत ज्या क्लबकडे होते, त्याची ना हरकत मिळेपर्यंत दुसरीकडून खेळता येत नाही. भांडून निघालेल्या मुलाचा एक हंगाम असा बसून जातो. हे कलम काढल्याशिवाय सही नको.

माहितीपत्रकातली '३.२ लाखांत स्पेनची सहल आणि क्लब ट्रायल' सहल म्हणून परवडत असेल तर करा. १८ वर्षांखालच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली फिफाने मोजके अपवाद सोडता बंद ठेवलीय, आणि कोल्हापूरचा मुलगा त्या अपवादांत बसत नाही.

शाळेचंही बघा. बऱ्याच निवासी अकादम्या मुलांना मुक्त विद्यालयात घालतात. ते वाईट नाही, पण इथली शाळा सुटली की शालेय स्पर्धा सुटतात: सुब्रतो करंडकाचा जिल्हा-विभाग-राज्य हा रस्ता, दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण, आणि पुढे राज्य सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाला लागणारी प्रमाणपत्रं. मैदानावर खेळून पोट भरणं किती डळमळीत आहे ते २०२५ मध्ये दिसलं, आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगचा हंगामच अडकला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. पुण्यापुरतं पाहिलं तर एफसी पुणे सिटी हा आयएसएलचा संघ २०१४ ते २०१९ एवढाच टिकला. रेल्वे, पोलीस, सरकारी खाती हीच फुटबॉलपटूची खरी पेन्शन, आणि तिचा रस्ता प्रमाणपत्रांतून जातो.

मग करायचं काय? मुलगा कोल्हापुरात आहे, हे तुम्ही कमी लेखताय. शाहू स्टेडियमवर भरलेल्या गॅलरीसमोर तालमींचे सामने होतात, तसं वातावरण फीवाल्या अकादमीत विकत मिळत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, आणि तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे गेला.

महिन्याच्या १४,८०० पैकी ९,००० फुटबॉलला बांधा, वर्षाला १.०८ लाख. त्यात परवानाधारक कोचकडे आठवड्याला तीन दिवस, चांगले बूट, दूध-अंडी, आणि वर्षाला तीन-चार ट्रायलचा प्रवास बसतो. ट्रायल फक्त खर्च संस्था करते तिथल्या: वर सांगितलेल्या तीन, आणि क्रीडा प्रबोधिनी. प्रबोधिनीची सरळ प्रवेश व कौशल्य चाचणीची सूचना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लागते, तिकडे दर महिन्याला एक चक्कर मारा. जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड यांवरची तारीख एकच आहे ना, ते आजच बघून घ्या. वयाच्या पडताळणीत मुलं खेळात कमी आणि कागदात जास्त बाद होतात. गुडघ्याच्या खाली हाड दुखतंय म्हणाला तर उंची वाढताना हे होतंच म्हणून दामटून खेळवू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

उरलेले ५,८०० मुलीच्या नावाने आवर्ती ठेवीत, कारण दोन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात नको. एफडीतले मोकळे १.४ लाख वेगळे काढा, मोठ्या ट्रायलसाठी वा दुखापतीसाठी. पत्रात विम्याचा उल्लेखच नाही. तुमच्या दोघांचाही टर्म विमा नसेल तर तो त्या ९,००० च्याही आधी.

अकादमीला एक प्रतिप्रस्ताव जरूर द्या. चार वर्षांची शिष्यवृत्ती लेखी, सगळं धरून तुमच्या खिशातून वर्षाला दोन लाखांपेक्षा जास्त नाही, फी तिमाही, सोडल्यास उरलेल्या तिमाहींचा परतावा, बोर्डाची नियमित शाळा, आणि ते २१ वर्षांचं कलम रद्द. मुलगा त्यांना खरंच हवा असेल तर निदान बोलणी सुरू होतील. आठव्या दिवशी फक्त 'जागा भरत आल्या' असा फोन आला, तर ते ७५,००० मुलीच्या अकरावीला ठेवा.