पावतीवर सासऱ्यांचं नाव

प्रश्न : ताई, माझं वय 60. लग्न होऊन 1986 साली लालबागच्या चाळीत आले ती आजवर त्याच खोलीत. यजमान गिरणीत होते, संपानंतर मिळेल ते काम केलं. तीन वर्षांपूर्वी गेले. मी पोळ्यांची कामं करते. आता चाळीत बिल्डर आलाय. भाड्याची पावती अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे, ते 1996 ला वारले. डोंबिवलीचे भाऊजी म्हणतात, "वहिनी, तुम्ही सही करून द्या, बाकीचं मी बघतो. तुम्ही गावी आरामात राहा." परवा लेकीने मोबाइलवर तो नर्सबायांचा मुंबईचा सिनेमा दाखवला. त्यातली पार्वती बघून रात्रभर डोळा लागला नाही. मीपण तिच्यासारखं गावी, राजापूरला निघून जावं का? गेले तर लेकीला वाटेल आई हरली.
– एक पार्वती

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' मीही पाहिलाय. 2024 साली कान महोत्सवात त्याला 'ग्राँ प्री' मिळालं तेव्हा आपल्याकडे बातम्या झाल्या त्या पुरस्काराच्या. पण लालबाग-परळच्या बाईला त्यात पुरस्कार दिसत नाही, स्वतःची खोली दिसते. छाया कदम यांनी ती पार्वती अशी उभी केलीय की आपल्याच मजल्यावरची कुणी तरी वाटावी. इस्पितळात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा, इतकी वर्षं राहूनही हातात एक कागद नाही. नवरा गेला तो घराची माहिती बरोबर घेऊनच गेला. बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर ती आणि तिच्याच इस्पितळातली नर्स प्रभा दगड मारतात तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण दगड मारून झाल्यावरही तिला सामान बांधावंच लागतं.

तुमची झोप उडाली ती तिच्यात स्वतःला बघून. पण ताई, तुम्ही पार्वती नाही. तिच्याकडे कागद नव्हता, तुमच्याकडे आहे. फक्त त्यावर तुमचं नाव नाही.

म्हणून जायचं की राहायचं हे आज ठरवूच नका. आणि भाऊजींनी पुढे केलेल्या कागदावर सही तर मुळीच करू नका. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच वाटत असेल की वहिनीची कटकट मिटेल. पण हक्कसोडपत्रावर एकदा सही झाली की ती मागे घेताना आयुष्य जातं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे. सासरे गेले तेव्हा त्याआधीचा, 1947 चा मुंबई भाडे कायदा होता; पण दोन्हींत लिहिलंय की राहत्या घराचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू ठरतो. तसं कुणीच राहत नसेल तर मग वारसांचा विचार. सासरे गेले तेव्हा त्या खोलीत कोण होतं? तुम्ही आणि तुमचे यजमान. भाऊजी तेव्हा डोंबिवलीला बिऱ्हाड करून असतील, तर बरोबरीचा हिस्सा सांगणं त्यांना तितकं सोपं नाही. एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं, धोबीतलावचं लघुवाद न्यायालय. वकिलाच्या फीची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असली तरी. तुमचे कागद बघूनच तो नेमकं सांगेल.

तोवर ट्रंक उघडा. जुनं रेशन कार्ड, विजेची बिलं, मतदार यादीतली नोंद, मुलीच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, दोन्ही मृत्यूचे दाखले, सगळं एका पिशवीत. यजमानांचा गिरणीचा पास किंवा तिकीट नंबर सापडला तर तो वेगळा जपून ठेवा. संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला आणि 1 जानेवारी 1982 ला हजेरीपटावर असलेल्या कामगारांना, त्यांच्या मागे वारसांना, म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी अर्ज करता आला. पहिली सोडत 2012 ला निघाली. यजमानांनी अर्ज भरला होता का, हे कधी विचारलंत? बहुतेक नसेल. आपल्या पिढीतल्या बायका नवऱ्याला 'जेवायला वाढू का' एवढं रोज विचारत आल्या, 'आपली पावती कुणाच्या नावावर आहे' हे नाही. यात तुमची चूक नाही. कुणी कधी ती पावती तुमच्या हातात दिलीच नाही.

चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल तर पुनर्विकासात भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं घर द्यावं लागतं. ते कुणाच्या नावे होणार हे आताच ठरतंय, म्हणून घाई भाऊजींना आहे. तुम्हाला नसावी.

तुमच्याच भागात खानावळ चालवणाऱ्या बायका होत्या. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालायच्या आणि किराण्यासाठी सावकाराकडे हात पसरायच्या. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्या बायकांना बँकेतून कर्ज मिळू लागलं, त्यांच्या स्वतःच्या नावावर. तुमच्या पोळ्यांचं वाचून मला त्या आठवल्या. इतकी वर्षं या शहराला जेवू घातलंत, 'माझं इथे काय आहे' असं मनातही आणू नका.

आता राजापूर. गाव ओढतं हे मला कळतं, आणि पार्वती गेली म्हणून ती हरली असंही मला वाटत नाही. समुद्राजवळ तिचा चेहरा सैल झालेला दिसतो. दारूची बाटली सापडते तेव्हा ती धाकट्या नर्सबरोबर, अनूबरोबर नाचते, तो प्रसंग मी विसरणार नाही. पण गाव गणपतीत बघून ठरवू नका, ताई. तेव्हा घर भरलेलं असतं, आरतीला चाकरमानी असतात. आषाढात पाऊस धरला की जा आणि महिनाभर एकट्या राहा. संध्याकाळी दिवे गेल्यावर, गुडघा दुखत असताना, डॉक्टरकडे कोण नेतं ते बघा. आणि तिथल्या घराची घरपट्टी कुणाच्या नावावर आहे तेही ग्रामपंचायतीत विचारून या. माझा अंदाज आहे की तिथेही सासऱ्यांचंच नाव असेल.

लेकीला सगळं सांगा. तिने मुद्दाम तोच सिनेमा तुम्हाला दाखवला असेल असं मला राहून राहून वाटतं. वकिलाकडे जाताना तिला बरोबर न्या. खोली तुमच्या नावावर झाली आणि मग तुम्ही कुलूप लावून गावी गेलात, तर त्याला ती हरणं म्हणणार नाही. किल्ली तुमच्या कमरेला असेल.

पत्राखाली तुम्ही 'एक पार्वती' अशी सही केलीत. पुढचं पत्र लिहाल तेव्हा तुमचं पूर्ण नाव लिहा. छापणार नाही, पण मला ते वाचायचंय.