झुरिचचा नियम चोपड्याच्या मैदानापर्यंत कसा पोचतो?

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे भुसावळचे, रेल्वेतून निवृत्त झालेले फुटबॉल पंच आहेत.)

2022 च्या ऑगस्टमध्ये जगभरच्या फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या ‘फिफा’नं भारताला निलंबित केलं. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेली समिती कारभार पाहत असताना परदेशातली एक संस्था असं कसं करू शकते? आणि आमच्या शाळेच्या पोरांचा त्या संस्थेशी संबंध तरी काय?
— एक क्रीडाशिक्षक, चोपडा

सर, बातमी आली तेव्हा मलाही असाच राग आला होता. पण फिफाचा सभासद भारत देश नाही. सभासद आहे ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघ ही संघटना, 1948 पासून. आणि फिफा स्वतः म्हणजे स्वित्झर्लंडच्या कायद्याखाली चालणारी सभासदांची संस्था.

आपल्याकडे सहकार सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. गावची विकास सोसायटी जिल्हा बँकेची सभासद, जिल्हा बँक राज्य बँकेची. तसाच तुमच्या गावचा क्लब जिल्हा संघटनेकडे, जिल्हा संघटना मुंबईच्या ‘विफा’कडे (ही महाराष्ट्राची राज्य संघटना), विफा दिल्लीच्या महासंघाकडे. त्याच्या वर आशियाचा संघ, क्वालालंपूरला. आणि सगळ्यात वर झुरिचची फिफा. जगात असे सहा खंडीय संघ आहेत आणि फिफाचे सभासद 211. सर्वसाधारण सभेत सहकारासारखंच एक सभासद, एक मत. पाच वेळा विश्वचषक जिंकलेल्या ब्राझीलला एक मत, आणि जेमतेम काही हजार वस्तीच्या माँटसेराट बेटालाही एकच.

सभासद होताना प्रत्येक संघटना लिहून देते की आमचा कारभार आम्हीच निवडून दिलेली माणसं चालवतील, बाहेरच्या कुणाचा हात त्यात नसेल. मग तो मंत्री असो की न्यायालय. आपल्या महासंघात 2020 च्या डिसेंबरात मुदत संपूनही निवडणूक झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं 2022 च्या मे महिन्यात जुने पदाधिकारी हटवून तीन सदस्यांची समिती बसवली. आपल्या नजरेनं ते योग्यच होतं, मलाही तसंच वाटतं. खुर्ची अडवून बसणाऱ्यांना कुणीतरी उठवायलाच हवं होतं. पण फिफाच्या घटनेत ती समिती ‘बाहेरची’ ठरली. ऑगस्टच्या मध्याला निलंबन आलं. 22 तारखेला न्यायालयानं समितीचं काम संपवलं, 26 ला निलंबन उठलं आणि 2 सप्टेंबरला निवडणूक झाली.

सगळं मिळून अकरा-बारा दिवस. पण त्याच दिवसांत गोकुलम केरळ या क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या होत्या. त्यांना एकही सामना न खेळता परत यावं लागलं. चूक पदाधिकाऱ्यांची आणि शिक्षा मुलींना, हे मला आजही सोसत नाही. ऑक्टोबरचा 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतातच होता, तोही हातातून जाता जाता वाचला. झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली अस्तम उरांव आपली कर्णधार होती. अमेरिकेकडून 8-0, मोरोक्कोकडून 3-0, ब्राझीलकडून 5-0 अशी हार झाली. झाली तर झाली, पण पोरी मैदानात उतरल्या.

तरीही तो नियम असावा असंच मी म्हणेन, आणि त्याला कारण आहे. पंचगिरीच्या काळात एका तालुक्याच्या गावी अंतिम सामना होता. मैदान काळ्या मातीचं, उन्हानं भेगाळलेलं. फक्की मारून झाली, दोन्ही संघांचे कागद मी तपासले, तर एका संघात नोंदणीच नसलेला मुलगा. त्याला खेळू द्या, असा वरून फोन आला. मी नाही म्हटलं. सामना पाऊण तास थांबला आणि पुढच्या दोन वर्षांत त्या गावाहून मला बोलावणं आलं नाही. त्या दिवशी माझ्या हातात नोंदणीची यादी सोडून दुसरं काहीच नव्हतं. फोन करणारा कितीही मोठा असला तरी त्याचं नाव त्या यादीत नव्हतं. झुरिचचा नियम हीच गोष्ट मोठ्या पातळीवर सांगतो.

समान मतालाही एक खोट आहे. छोट्या संघटनांची मतं गोळा केली की निवडणूक मारता येते. 27 मे 2015 ला पहाटे झुरिचच्या हॉटेलात फिफाचे बडे पदाधिकारी पोलिसांनी ताब्यात घेतले, लाचखोरीच्या आरोपांवरून. त्यानंतर घटना बदलली, कार्यकारी समितीच्या जागी 37 जणांची परिषद आली. तेवढ्यानं सगळं शुद्ध झालं असं मी मानत नाही.

तुमच्या पोरांचं सांगायचं राहिलं. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा सरकारी वाटेनं जातात, त्या या साखळीत येत नाहीत. क्लबकडून खेळायचं असेल तर मात्र महासंघाच्या नोंदणीत नाव हवं. नववी-दहावीतच नोंदवून टाका. पुढे मुंबईचा क्लब विचारेल तेव्हा कागदांसाठी धावपळ नको.

ब्रिटन हा एकच देश. मग इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार संघ कसे?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

ताई, त्यांच्या संघटना फिफापेक्षा जुन्या आहेत. इंग्लंडची 1863 ची, स्कॉटलंडची 1873 ची. या दोन देशांच्या संघांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना तर स्कॉटलंडची संघटना होण्याआधीच, 30 नोव्हेंबर 1872 ला ग्लासगोत झाला, 0-0. फिफा 1904 ला पॅरिसमध्ये जन्मली, तेव्हाच्या सात संस्थापकांत ब्रिटिश एकही नव्हतं. नंतर ते आले ते आपली वेगळी घरं राखूनच.

आणखी एक गोष्ट फार कुणाला ठाऊक नसते. खेळाचे नियम फिफा एकटी करत नाही. त्यासाठी 1886 पासून वेगळं मंडळ आहे. त्यात या चौघांचं प्रत्येकी एक मत आणि बाकी सगळ्या जगाच्या वतीनं फिफाची चार. आठांपैकी सहा मतं पडल्याशिवाय ऑफसाइडचा एक शब्दही बदलत नाही. फिफा एकटी बदल करू शकत नाही आणि चौघे मिळूनही करू शकत नाहीत. ही रचना मला मनापासून आवडते.

आमचं मैदान 90 मीटर भरत नाही आणि गोलपोस्टही छोटे आहेत. 14 वर्षांखालील मुलांचे सामने नियमात बसतील का?
— एक पालक, रावेर

बसतील, भाऊ. मैदानाची लांबी 90 ते 120 मीटर आणि गोल 7.32 बाय 2.44 मीटर, ही मापं मोठ्यांची. लहान मुलांसाठी मैदान, चेंडू, गोल आणि वेळ कमी करायची मुभा राष्ट्रीय संघटनांना नियमातच दिलेली आहे. जिल्हा संघटनेकडून त्या वयोगटाची मापं लेखी घ्या. केळीच्या घडांना टेकू देतात त्या बांबूंचे गोल मी रावेरकडे पाहिलेत. सरावाला चालतात, सामन्याला नको. बांबूची सल पोराच्या तळहातात शिरते. लाकडाचे किंवा लोखंडी पाइपचे करून घ्या, पांढरा रंग द्या, आणि ते जमिनीत पक्के रोवलेत का, हे सामन्याआधी स्वतः हलवून बघा.