नोकरी करत पुढं शिकायचंय, कुठून सुरुवात करू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, मी ३४ वर्षांची आहे, कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला, ११ वर्षं झाली. शिक्षण बीकॉम. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. आमच्याकडं अकाउंट्स मॅनेजरची जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळेला बाहेरून एमकॉम, एमबीएवाले घेतले, त्यांना काम शिकवलं मीच. मिस्टर म्हणतात कर, सासूबाई म्हणतात आता कशाला. एका ओळखीच्यांनी सांगितलं की एक जण एका वर्षात एमबीए करून देतो, परीक्षेचं टेन्शन नाही, फक्त पैसे भरायचे. घेऊ का? की एमकॉम करू? आणि वेळ कुठून आणू? – एक वाचक, सांगली

उत्तर: आधी त्या एका वर्षाच्या एमबीएचं सांगते. अजिबात नको. पैसे भरले असतील तर परत मागा, भरले नसतील तर फोनच उचलू नका. हे लोक हल्ली नव्या शैक्षणिक धोरणाचं नाव पुढं करतात, की आता पीजी, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, एका वर्षाचं झालंय म्हणून. एका वर्षाचं पीजी आहे, पण ते ज्यांची डिग्री चार वर्षांची आहे त्यांच्यासाठी. तुमची बीकॉम तीन वर्षांची, म्हणजे तुम्हाला दोन वर्षं. आणि परीक्षा न देता मिळालेला कागद उद्या एखाद्या कंपनीनं युनिव्हर्सिटीकडं पडताळणीला पाठवला तर ११ वर्षांत कमावलेलं नावसुद्धा जाईल. तुम्ही स्वतः हिशोब बघता, खोटं व्हाउचर काय करतं ते मी तुम्हाला काय सांगू.

बरं, दूरस्थ शिक्षणाची डिग्री 'चालते का', हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात असणार, कारण सगळ्यांच्याच असतो. चालते. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या आयोगानं, २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यता असलेल्या संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं घेतलेली डिग्री ही रोज कॉलेजला जाऊन घेतलेल्या डिग्रीच्या बरोबरीची. पण मान्यता बघताना नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव बघू नका, यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) वेबसाइटवर यादी असते, त्यात तोच कोर्स आणि तेच वर्ष आहे का ते बघा. आपल्या भागात शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे कोल्हापूरला, नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे, दिल्लीचं इग्नू हे केंद्राचं मुक्त विद्यापीठ आहे. गल्लीतला क्लासवाला 'आम्ही अमक्या युनिव्हर्सिटीची फ्रँचायझी' म्हणाला तर तिथंच उठा, दूरशिक्षणात फ्रँचायझीला परवानगीच नाही.

आता एक काम या आठवड्यातच करा, कारण बायकांचं घोडं नेमकं इथं अडतं. तुमचं बीकॉमचं मार्कशीट माहेरच्या नावावर असणार आणि आधार सासरच्या. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला २०२४ पासून त्याच विभागाचा डीईबी आयडी लागतो, तो एबीसी आयडीला, म्हणजे तुमच्या शिक्षणाची नोंद ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्याच्या नंबरला, जोडलेला असतो आणि एबीसी निघतो आधारवरून. म्हणजे नाव तिथं एक, इथं दुसरं. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी हे कळलं की रडू येतं हो, मी बघितलंय. मॅरेज सर्टिफिकेट काढून ठेवा, नाव बदलल्याचं गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्रातली नोंद, असेल तर त्याची कॉपी, आणि विद्यापीठात आधीच विचारून घ्या की तुमच्या केसमध्ये काय चालेल.

एमकॉम का एमबीए? मला विचाराल तर दोन्हीच्या आधी एक काम. तुमच्या एचआरला नाहीतर मालकांना सरळ जाऊन विचारा की मी पीजी केलं तर त्या जागेसाठी माझा विचार होईल का, आणि कुठलं केलं तर. लाजू नका, त्या जागेवर आलेल्या माणसाला काम तुम्हीच शिकवलंय. मग मिरज, कुपवाड, कागल, शिरोली इथल्या कारखान्यांच्या जाहिराती महिनाभर जमवा, अकाउंट्स मॅनेजरला काय मागतायत ते वहीत लिहा. मला वाटतं त्यात तुम्हाला तिसरंच काहीतरी दिसेल, सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट. ग्रॅज्युएटला त्याची पहिली पायरी, फाउंडेशन, द्यावी लागत नाही, थेट पुढच्या इंटरमिजिएटला बसता येतं. फाउंड्रीत धातू, वीज, मजुरी, रिजेक्शन या सगळ्याचा किलोमागं खर्च काढणं हे तर तुमच्या रोजच्या डोळ्यासमोरचं. अवघड आहे, एमकॉमपेक्षा कितीतरी अवघड, पण कारखान्याला त्याची किंमत कळते. जाहिरातीत नुसतं 'पोस्ट ग्रॅज्युएट' एवढंच मागत असतील तर एमकॉम करा आणि मोकळ्या व्हा. एमबीए तेव्हा, जेव्हा तुम्हाला अकाउंट्सच्या बाहेर पडून माणसं, खरेदी, विक्री असलं काम हातात घ्यायचंय.

आणि वेळ. बघा, फी सगळे विचारतात, हप्त्यानं भरता येते का विचारतात, पण तास कुणी विचारत नाही आणि माणसं फीपायी नाही, तासापायी मधनं सोडतात. कोर्सचा अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात, आणि इग्नूत एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरतात. ८० क्रेडिटची डिग्री म्हणजे २४०० तास. दोन वर्षांत करायची म्हटलं तर आठवड्याला २३ तास. नोकरी, स्वयंपाक, दोन मुलं सांभाळून २३ तास? नाही होत, आणि नाही झालं म्हणून तुम्ही स्वतःलाच नावं ठेवत बसाल. पण तिथं दोन वर्षांच्या कोर्सला कमाल चार वर्षं असतात, चारनं भागलं की आठवड्याला साडेअकरा तास येतात. रोज पहाटे सव्वा तास आणि रविवारी तीन-चार तास. हे होण्यासारखं आहे. कमी विषय घेऊन चार वर्षांत पूर्ण केलेली डिग्रीसुद्धा तीच डिग्री.

त्यात तुमचे आठवडे सारखे नाहीत हे लक्षात घ्या. ११ आणि २० तारखेला जीएसटीचे रिटर्न, मार्चएंड, मग ऑडिट. ते दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करा आणि तिथं अभ्यास धरूच नका. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरला असतात, म्हणजे मार्चएंड आटपला की लगेच जूनची तयारी, त्यापेक्षा जास्त पेपर डिसेंबरला ठेवलेले बरे. मी स्वतः छत्तिसाव्या वर्षी नोकरीत असताना एमए केलं तेव्हा नेमकी हीच चूक केली होती, सगळे पेपर एकदम घेतले, त्यातले दोन राहिले आणि महिनाभर पुस्तकाकडं बघवलं नाही.

सासूबाईंचं राहिलं. त्यांच्याशी भांडू नका. त्यांना वाटत असेल की सगळा भार आता आपल्यावर येणार, आणि ते खोटं नाही. रविवारचा स्वयंपाक मिस्टर करणार, पोरांची शाळेची तयारी रात्री तेच करणार, हे त्यांच्यासमोर बोलून घ्या, आणि मिस्टरांनी ते आधी दोन महिने करून दाखवू दे. 'कर' म्हणणं सोपं असतं.

प्रश्न: मी साताऱ्यात एमआयडीसीत इंजिनिअर आहे, वय २८, पाच वर्षांचा अनुभव. नोकरी सोडून पुण्यात दोन वर्षांचं फुलटाइम एमबीए करावं म्हणतोय. घराचं लोन चालू आहे. सोडू का? – एक वाचक, सातारा

उत्तर: आत्ता नका सोडू. आधी एमबीए सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्या, ती नोकरी करत देता येते, राजीनामा लागत नाही. मार्क बघा, कुठलं कॉलेज मिळतंय बघा. चांगलं मिळालं तर तिथल्या तुमच्याएवढ्या अनुभवाच्या दोन-तीन जणांना शोधून विचारा की बाहेर पडताना काय पगार मिळाला, कॉलेजच्या माहितीपत्रकातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाऊ नका. एज्युकेशन लोनचा हप्ता कोर्स संपेपर्यंत आणि पुढं साधारण वर्षभर सुरू होत नाही पण व्याज चालूच असतं, आणि घराचा हप्ता तर काही थांबत नाही, तेव्हा २४ महिन्यांचे घराचे हप्ते बाजूला ठेवलेले असतील तरच पुढचा विचार करा. एज्युकेशन लोनच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते, ती जुन्या कररचनेतच. आणि 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम' नावाचं काही दिसलं तर पहिला प्रश्न हाच, की शेवटी हातात डिग्री मिळणार की सर्टिफिकेट. सर्टिफिकेट वाईट नसतं, पण डिग्रीच्या भावात घेऊ नका.

प्रश्न: मी जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, वय ४७. मराठीत एमए करावं असं फार वर्षं मनात आहे. सहकारी हसतात, म्हणतात रिटायर व्हायला ११ वर्षं राहिली, आता काय उपयोग. – एक शिक्षक

उत्तर: गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पगार वाढवायचाय असं एका ओळीतही नाही, म्हणून सांगते, कराच. ११ वर्षं म्हणजे मुलांच्या ११ तुकड्या हो! जावळीतल्या पोराची घरची बोली आणि पुस्तकातली भाषा यात जे अंतर असतं ते तुम्ही रोज बघता, एमएला भाषाविज्ञान वाचाल तेव्हा त्यातली कितीतरी पानं तुमच्याच वर्गातली वाटतील. आणि सातारा जिल्ह्यात बसून शिकायला उशीर झाला म्हणायचं? कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये कराडजवळ काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्यात आणली, कमवा आणि शिका हे इथल्या पोरांनी हातात खोरं घेऊन केलंय. मुक्त विद्यापीठ १९८९ ला निघालं ते ज्यांच्या नावानं, ते यशवंतराव चव्हाणसुद्धा देवराष्ट्र्याचे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलेच.

फक्त फॉर्म भरायच्या आधी खात्याची लेखी परवानगी घ्या. तोंडी 'हो हो करा की' वर जाऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, परवानगीच्या पत्राच्या दोन झेरॉक्स घरी ठेवा, नाहीतर निकालानंतर सेवापुस्तकात नोंद करताना त्रास होतो. दूरशिक्षणाची संपर्क सत्रं बहुतेक सुट्टीच्या दिवशी असतात, पण परीक्षेचं वेळापत्रक आलं की त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका.

आणि आत्तापासून रोज एक पान हातानं लिहायला लागा. फळ्यावरचं आणि मोबाइलवरचं लिहिणं वेगळं, तीन तास पेन धरून उत्तरं लिहायची सवय आपल्या वयात पार गेलेली असते, पहिल्या पेपरला दुसऱ्या तासात बोटं आखडतात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की मला पत्र टाका, मी वाट बघतेय.